हळद लागलेल्या तारा

गंगाखेड
१२ जून २०२५

प्रियांकाताई,

गार्गी काल सकाळच्या गाडीने सुखरूप पोचली. पोचल्याचा फोन तिने तुला स्टेशनवरूनच केला, हे मला माहीत आहे. मला मात्र ती घरात पाऊल टाकता टाकता म्हणाली, "मम्मी, खोकं जपून धर." दोन महिन्यांनी घरी आलेल्या लेकीचे हे पहिले शब्द.

मी पत्र का लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर आपलं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. मी बोलायला लागले की तू "राजू, नंतर बोलू" म्हणतेस आणि ते नंतर कधी येत नाही. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, एवढंच माझं सुख.

खोकं यांनी सोडलं. आतून ते तुझं हार्प निघालं. गार्गीच्या कमरेएवढं, वाकड्या मानेचं, तारांनी भरलेलं. शेजारच्या नर्मदाबाई बघायला आल्या. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाई, हे वाजवायचं हाय, का ह्याच्यावर शेवया वाळवायच्या?" मी खूप हसले. गार्गीला राग आला. म्हणाली, मावशीचं हे पहिलं हार्प आहे, ह्याच्यावर ती शिकली, ती हे कुणालाच देत नाही, मला दिलं. हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती की मला तिला एक धपाटा घालावासा वाटला.

मग मी तिची बोटं पाहिली. उजव्या हाताला फोड, डाव्या हाताची साल निघालेली, अंगठ्याच्या कडेला घट्टा. मी तिला घरात कधी पोळपाट सुद्धा उचलू दिला नाही, अभ्यास कर म्हटलं. आणि तू तिला उन्हाळाभर काय विहीर खणायला लावलीस? मी खोबरेल लावायला गेले तर हात मागे ओढला. "तेल नको मम्मी, घट्टा मऊ पडतो. मावशी म्हणते, फोड येऊन येऊन बोट तयार होतं." मावशी म्हणते. कालपासून हे किती वेळा ऐकलं म्हणून सांगू.

तिला सुट्टीत तुझ्याकडे पाठवायचं यांनी ठरवलं, मी नाही. मी नकोच म्हणत होते. हे म्हणाले, "दहावीचा ताण होता लेकराला, जाऊ दे की. परमुलखात चाललीय का? सख्खी मावशी हाय." सख्खी मावशी सतरा वर्षांत एकदा आली, अण्णा गेले तेव्हा, आणि ओसरीवरच बसून परत गेली. हे मी बोलले नाही. यांच्यासमोर तुझं नाव मी कमीच काढते, का ते तुला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. काल जेवताना गार्गी म्हणाली, अकरावी पुण्याला करते, मावशीकडे राहून. मी सांगितलं, अकरावी इथेच होईल. तुझ्याकडून तिच्या डोक्यात काही भरवलं जात असेल तर ते बंद कर. तिला हौस आहे तोवर तिने वाजवावं. खोकं दिवाळीत परत पाठवू.

राजेश्री


२७ जून २०२५

ताई,

परवा घरात मोठा तमाशा झाला. गार्गी क्लासवरून आली, हार्पवरचं फडकं काढलं आणि ओरडली, "तारांना हळद कुणी लावली?" बघते तर मधल्या सात-आठ पांढऱ्या तारांवर पिवळे डाग. बोटांचे.

मी म्हटलं, नर्मदाबाईंनी हात लावला असेल. त्यांचं येणं-जाणं सारखं असतं, मसाल्याचा हात तसाच घेऊन येतात. गार्गी म्हणाली, नर्मदाबाई आठ दिवस झाले सेलूला लेकीकडे गेल्यात. मग मी म्हटलं, मला काय माहीत. मला पिको-फॉलचं काम असतं, लग्नसराईचे ब्लाउज अजून पडून आहेत, मी कशाला त्या जाळीपाशी जाऊ? ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओल्या रुमालाने एकेक तार पुसत बसली. हळद काही निघाली नाही. हळद एकदा लागली की निघते का?

तू रागावशील म्हणून आधीच कळवते. तारेला काही झालेलं नाही, आवाज तोच आहे. लाल तार सा, तिथून चौथी काळी ती म, हे सगळं जागच्या जागी आहे. हे मला कसं कळतं विचारशील, तर ती दिवसभर घोकते ना, भिंतींना सुद्धा पाठ झालं असेल. आणि इथल्या उकाड्याने तारा रोज उतरतात. सकाळी चढवल्या की दुपारी पत्र्याखाली पुन्हा ढिल्या. तुझ्या पुण्यात हे कष्ट नसतील.

कॉलेजचा फॉर्म तिने भरला. पहिली तीन नावं पुण्याची टाकली. यांना विचारून टाकली म्हणे. घरात मी आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. मी सही करणार नाही असं सांगितलं, तर हे म्हणाले सही बापाची चालते. शांत माणूस आहे हा, पण तुझा विषय निघाला की त्याला वाचा फुटते. कारखान्यातून फिटरचे काळे हात घेऊन येतो, हात न धुता आधी विचारतो, "आज नवीन काय शिकलीस बाळ?" आणि बाजेवर बसून ऐकतो. मी सतरा वर्षांत शिवलेल्या एका ब्लाउजकडे त्याने इतकं टक लावून बघितलेलं नाही.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

राजेश्री


१४ जुलै २०२५

ताई,

उत्तर आलं. चार पानं गार्गीला आणि खाली एक ओळ मला: "राजू, तिचा हात चांगला आहे, अडवू नकोस." लग्नाच्या पत्रिकेवर 'आणि समस्त परिवार' लिहितात तसं मला शेवटी टाकलंस.

गार्गीने चार पानं वाचून दाखवली, मी न विचारता. म्हणजे सतरा ऑगस्टला हार्प शिकवणारी कुणी परदेशची बाई पुण्याला येणार, पोरांना ऐकणार, त्यातली दोन निवडून पुढची दोन वर्षं स्वतः शिकवणार. आणि निवडलेल्याला तिथेच राहावं लागणार. एवढी मोठी गोष्ट मला लेकीच्या तोंडून कळते. तू काय ठरवलं आहेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला लेकरू नाही. तुला माझं तयार लेकरू पाहिजे, पंधरा वर्षांचं, दात येऊन, गोवर काढून, दहावी पास झालेलं.

हात चांगला आहे म्हणतेस. माय पण तेच म्हणते. गेल्या रविवारी चारठाण्याहून आली होती. गार्गीचा पंजा हातात घेऊन म्हणाली, "निस्ता प्रियांकाचा हात हाय बग. लांब बोटं, बारीक मनगट." मी समोर भाकरी थापत होते. माझ्या हाताकडे कुणी बघितलं नाही. बघितलं होतं ते एकदाच, आणि ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा पुण्याच्या गाडीत बसली होतीस.

सांगतेच आता. तू गेल्याचं कळलं तेव्हा मांडव उभा होता, आणि यांचं वऱ्हाड गंगाखेडहून निघालेलं. अण्णा आणि मामा खोलीत गेले, बाहेर आले आणि मला म्हणाले, "राजू, तोंड धू." बस, एवढंच. मी बारावीत होते. मग कासारीण आली. हिरवा चुडा तुझ्या मापाने आणलेला. माझा हात मोठा, सव्वादोन नंबरची बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच अडायची. तिने साबण लावला, पंजा दाबला, हाडं एकमेकांवर चढवली. दोन फुटल्या, मनगट कापलं. माय म्हणाली, "दुसऱ्या आनायला येळ न्हाई." तुझ्या मापाच्या बांगड्या, तुझ्या नावाची साडी, तुला बघायला आलेला नवरा. चांगला आहे तो, कधी हात उगारला नाही. पण पोहे त्याने तुझ्या हातचे खाल्ले होते आणि हो म्हणाला होता तो तुला. माझ्या घरात जे जे आहे ते आधी तुझं होतं, ताई. गार्गी तेवढी पहिल्यापासून माझी.

म्हणून मी जळते. लपवत नाही. तुझे फोटो गार्गी दाखवते, हॉटेलात उंच हार्पच्या मागे बसलेली, खांद्याला टेकवलेलं, निळी साडी, डोळे मिटलेले. मी तो फोटो पुन्हा पुन्हा बघते आणि पुन्हा पुन्हा जळते.

आणि एक सांगू? त्यात एवढं काही नाही. अंगठा आणि तीन बोटं, करंगळी नुसती बरोबर फिरते. तार ओढायची आणि बोट तळहातात मिटायचं. हे तर कापूस वेचणं झालं. बोंडातून बोटांनी ओढायचा आणि मुठीत घ्यायचा. आपल्या रानात कुणाची ओळ आधी संपायची ते तुला आठवत असेल. तू बांधावर बसून काटे काढत असायचीस. गार्गीला लाल तारेपासून वरच्या लाल तारेपर्यंत पंजा ताणावा लागतो, दुखतो तिला. मोठ्या हाताला तो आरामात पुरतो. पुरत असेल, असं म्हणते.

राजेश्री


चारठाणा
३१ जुलै २०२५

ताई,

गार्गीचा फोन आला असेलच तुला, रडत रडत. तरी माझ्याकडून ऐक.

आम्ही पंचमीला मायकडे आलो. गार्गीला यायचं नव्हतं, वाजवणं बुडतं म्हणून. मी म्हटलं, वर्षाची पंचमी आहे, आजी वाट बघते, हार्प कुठे पळून जात नाही. तिने ते एसटीत मांडीवर घेतलं असतं, पण मी घरीच ठेवायला लावलं.

पंचमीला सकाळी ती ओसरीवर नखं काढत बसली. मायने नेलकटर हिसकावून घेतलं. "आज काय बी कापायचं नसतंय पोरी. भाजी सुदीक चिरली न्हाई मी." गार्गी म्हणाली, "आजी, नख वाढलं की तारेला लागतं." माय म्हणाली, "लागू दे एक दिस. नागोबापरीस मोठी हाय का तुजी तार?" तिने तोंड फुगवलं. मेंदी पण नको म्हणाली. सगळ्या पोरी नटून लिंबाखाली झोक्याला निघाल्या आणि ही पायरीवर बसून गुडघ्यावर बोटं वाजवतेय.

मला राग आला. खरंच आला. माझ्या माहेरात, माझ्या पंचमीला, ती बसल्या जागी पुण्यातच होती. मी म्हटलं, "तुझी मावशी उभ्याने झोका घ्यायची. शेंड्याला पाय लावायची." तिने वर बघितलं. "खरंच?" "विचार आजीला." माय बहिरी झाल्यासारखी लाह्या निवडत राहिली.

तू कधी झोक्यावर चढलीच नाहीस. तुला चक्कर यायची. शेंड्याला पाय मी लावायचे. पण मी घ्यायचे म्हटलं असतं तर ती उठली असती का?

ती उठली. उभी राहिली, दोन्ही हातांनी दोर धरला, गल्लीतल्या हरिओमच्या पोरींनी झोका दिला. दोर नवा होता, काथ्याचा. चढली, चांगली चढली, मलाही जरा बरं वाटलं. खाली येताना तिचा पाय फळीवरून सुटला आणि ती दोराला लोंबकळत घसरली. पडली नाही. धरून राहिली, म्हणून तर तळहात सोलून निघाले, दोन्ही. मायने हळद-तेल भरलं, जुनं लुगडं फाडून बांधलं.

मोडलं काही नाही. बोटांची टोकं तशीच आहेत, मी एकेक बघितलं. वाजवायला टोकंच लागतात ना. सतरा तारखेला अजून वेळ आहे. तू उगाच घाबरू नकोस, आणि तिला फोनवर घाबरवू नकोस.

दोर नवा आहे हे मला माहीत नव्हतं.

राजेश्री


गंगाखेड
९ ऑगस्ट २०२५

ताई,

टोकं पुरतात हे मी लिहिलं होतं. ते खोटं आहे आणि लिहितानाच मला माहीत होतं.

टोक तार ओढतं आणि बोट तळहातात येऊन बसतं. प्रत्येक वेळी. न मिटलं तर आवाज अर्धा निघतो, नुसता पत्रा वाजल्यासारखा. म्हणजे तिने जितके सूर वाजवायचे तितक्या वेळा बोट त्या सोललेल्या जागेवर आपटायचं. परवा तिने पट्ट्या सोडल्या आणि बसली. पहिल्या ओळीलाच ओठ दाताखाली. दुसऱ्या ओळीला डोळ्यांतून पाणी. हात थांबला नाही. मी शिलाई मशीनवर होते, माझा पाय पायट्यावर तसाच राहिला. मी म्हटलं, "बास कर." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला हेच पाहिजे होतं ना?"

मी नाही म्हटलं. पण नाही म्हणायला मला वेळ लागला, आणि तो वेळ तिने ऐकला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलते. आतल्या खोलीत दार लावून. तू तिला हवेत बोटं मिटायला सांगतेस म्हणे, तारेशिवाय. काल मी दाराशी उभी राहिले. ती म्हणत होती, "मावशी, तू इकडं आली असतीस तर..." पुढचं मला ऐकवलं नाही. मी गेले आणि भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीच पुन्हा. पोर माझ्यामुळे दुखावली आणि रडायला तुझ्याकडे गेली. तिला दुखतंय याचं वाईट वाटतं, ताई, पण त्याहून जास्त हे लागतं की ती माझ्याकडे रडली नाही. आई असून असं वाटतं, तर तसंच लिहिते.

मग मी एक केलं. अस्तराचं मऊ कापड घेतलं, जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. तळहाताएवढे दोन तुकडे बेतले, आत कापसाचा पातळ थर घातला, मनगटाला बंद लावले आणि बोटांच्या मुळाशी बारीक काजं केली. बोटं मोकळी, अंगठा मोकळा, आणि बोट मिटल्यावर जिथे टेकतं तिथे गादी. पाठीमागची शिवण आत घेतली, तारेला लागू नये म्हणून. सकाळी तिच्या उशाशी ठेवले.

तिने घातले. वाजवलं. पूर्ण वाजवलं. मग उठून स्वयंपाकघरात आली आणि पहिल्यांदा बोलली, "मम्मी, तू माप कधी घेतलंस?"

मी म्हटलं, "शिंपीण आहे मी. डोळ्यांनी माप घेते."

"बोटं कुठं टेकतात ते डोळ्यांनी दिसत नाही," ती म्हणाली. "मूठ झाकलेली असते."

दूध उतू जात होतं, मी तिकडे वळले.

सतराला हे तिला घेऊन येतील. मी येणार नाही. गिऱ्हाइकांची कामं आहेत. यांनी तुझ्याकडे यायचं म्हणून नवा शर्ट शिवायला टाकला आहे, तोही माझ्याकडेच. शिवलाय. खांदे जरा घट्ट झालेत.

राजेश्री


गंगाखेड
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

हे पत्र गार्गी तुझ्या हातात देईल. ती दारात उभी असेल तर आधी आत घे, मग वाच. गाडीत ती काही खात नाही. पिशवीत दशम्या आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे, मायने दिलेलं तूप आहे. मेतकूट तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे, पण घे थोडं.

निवड झाली ते यांनी तिथूनच फोनवर सांगितलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. घरात कुणी नव्हतं. ते दोघं दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने येणार होते, म्हणजे सगळी सकाळ माझी होती. मी दार लोटलं, हात धुतले, साबणाने दोनदा. आणि बसले.

तुला कळलंच असेल एव्हाना. तू काही वेडी नाहीस. जूनमध्ये पहिल्यांदा हात लावला तो राग म्हणून, ह्यात असं आहे तरी काय ते बघायला. भाजी फोडणीला टाकून आले होते, हात तसाच. आधी एक तार ओढली. लाकूड छातीला टेकलेलं होतं, ते आतून हललं. आवाज कानाला ऐकू यायच्या आधी हाडांत आला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या फोटोत ते दिसत नाही, गार्गी वाजवते तेव्हा समोर बसून कळत नाही. मग मी रोज बसायला लागले, ती क्लासला गेली की. फोड आले तर चटका बसला म्हणून सांगायचे. लेकीच्या हातावर जळत होते, तुझ्या हातावर जळत होते, आणि माझं खरं दुखणं हे होतं की माझा हातही त्यासाठी होता आणि कुणी कधी बघितलं नाही. मी सुद्धा नाही.

तर त्या दिवशी मी वाजवत होते. गार्गीची ती धून, तिच्यासारखी नाही, सावकाश, चुकत, पण सलग. गाडी त्या दिवशी वेळेवर आली असावी, किंवा मलाच वेळेचं भान नसेल. मागून आवाज आला, "मम्मी, अंगठा वर ठेव. खाली पडतोय."

मी वळले नाही. वळायची हिंमत झाली नाही. अंगठा वर ठेवला. ती जवळ आली, माझं मनगट धरून थोडं बाहेर काढलं, कोपर उचललं. तिच्या हाताला माझे ते अस्तराचे तुकडे अजून बांधलेले होते. म्हणाली, "आता मीट. पूर्ण मीट." मी मिटलं. ती म्हणाली, "हां."

मग मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"हळदीपासून," ती म्हणाली. "नर्मदाकाकूंची बोटं एवढ्या लांब अंतरावर पडतच नाहीत. मावशीचीही नाहीत. मी मापलं होतं."

हे दारात पिशव्या घेऊन उभे होते, नव्या शर्टात घामाघूम. मी म्हटलं, काय हो, कशी वाटली बहीण? विचारायचं नव्हतं पण तोंडातून गेलंच. चप्पल काढता काढता म्हणाले, "वरणाला फोडणी देत न्हाई ती. आळणी निस्तं." आणि मग, "तू वाजव की. थांबलीस का?" एवढंच बोलला तो माणूस आणि बाजेवर जाऊन बसला. त्याच जागी, जिथे गार्गीचं ऐकायला बसतो.

गार्गी तुझ्याकडे राहील. मी सही केली, बापाची चालत असली तरी माझी पण केली. मला आनंद झालाय असं लिहिणार नाही. तू तिच्या शेजारी बसशील, तिचा हात धरून सरळ करशील, तिला ताप आला तर तू उठशील, तिचा पहिला कार्यक्रम तू आधी ऐकशील. हे सगळं मला इथे बसून रोज टोचणार आहे आणि मी रोज कुणावर तरी चिडणार आहे. तिने तुला मावशीच म्हणायचं, दुसरं काही नाही. सवय लागली तर मोड.

आता मी काय म्हणते ते नीट वाच. गार्गीबरोबर मी खोकं पाठवलेलं नाही. ती म्हणाली, तिथे मोठी हार्प आहेत, तिला हे लागणार नाही. तुला लागतं, ते मला माहीत आहे. तुझं पहिलं आहे, तू कुणाला देत नाहीस, मुलीला दिलंस ते तिला ओढून घ्यायला. तिला घे.

तुझा नवरा, तुझा चुडा, तुझं लग्न, हे माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही मागितलं नाही. हे हार्प मी मागते. तू नाही म्हणालीस तरी देणार नाही.

तुझी,
राजू